कॅमेरा कोणाच्या नावावर घ्यायचा?

सांगलीकडच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४३. घरात यजमान, नववीतला मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दर मे महिन्यात गुहागर ठरलेलं. यंदा डिसेंबरअखेरीला ताडोबाही ठरलंय, दोन सफाऱ्यांचं बुकिंग झालंय. पगाराच्या थकबाकीचा हप्ता मिळाला, त्यातले ६० हजार त्यांनी कॅमेऱ्यासाठी बाजूला काढलेत. पण घेऊ कोणता, हे ठरत नाही. दुकानदार म्हणतो, डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि दोन लेन्सचा कॉम्बो घ्या, वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट. बेंगळुरूचे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, डीएसएलआर मेला, मिररलेसच घ्या, मी दोन वर्षांपूर्वी तोच घेतला." (मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणाराच, पण आत आरसा नसलेला कॅमेरा.) मुलाला २०० मेगापिक्सेलचा फोन हवाय. यजमान म्हणतात, आहे तो फोन काय वाईट आहे, दोन महिन्यांत कॅमेरा कपाटावर जाईल. "गेल्या मे महिन्यातले गुहागरचे फोटो बघवत नाहीत," त्या लिहितात. "मुलगी प्रत्येक फोटोत हललेली, सूर्यास्ताला सगळ्यांचे चेहरे काळे, आणि आठ दिवसांत माझा एकही फोटो नाही. निदान मुलांच्या आठवणी तरी नीट राहाव्यात म्हणून कॅमेरा हवाय. कोणता घेऊ?" आणि अगदी शेवटी, कंसात: "(माझ्या बाबांकडे क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यावर मी दोन रोल काढले होते. आता हसू येतं.)"

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी गुहागरचे ते काळे चेहरे बघू, कारण त्यांना ६० हजारच काय, सहा रुपयेही लागत नाहीत.

आपला कोकणकिनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय. संध्याकाळी आपण सगळे समुद्राकडे पाठ करून उभे राहतो, मागे सूर्य, आणि फोटो काढणाऱ्याला म्हणतो, "सूर्य दिसला पाहिजे हं." सूर्य दिसतो. मग चेहरे कुठून दिसणार? कॅमेरा एक तर आभाळ सांभाळतो, नाहीतर माणसं. लाखाचा कॅमेरा आणलात तरी हा झगडा पुरता मिटत नाही. त्यापेक्षा सकाळी जा. सुरूच्या बनावरून ऊन किनाऱ्यावर उतरलं की साधारण नऊपर्यंतचा उजेड बघा: सूर्य डोंगराच्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांच्या थेट चेहऱ्यावर. मागे निळा समुद्र आणि पुढे उजळलेले चेहरे, दोन्ही एका फोटोत हवे असतील तर कोकणात ते सकाळीच मिळतात. आणि संध्याकाळीच काढायचा असेल तर सगळ्यांना समुद्राकडे तोंड करून उभं करा आणि तुम्ही पाण्याला पाठ करा. मागे सुरूचं बन येईल, चेहऱ्यांवर ते पिवळं ऊन येईल. सूर्यास्ताचा फोटो वेगळा काढा, त्यात माणसांच्या नुसत्या सावल्या छान दिसतात. दोन वेगळे फोटो आहेत हे. आपण ते एकात कोंबायला जातो.

मुलगी हललेली. सात वर्षांची मुलगी हलणारच, तिचं ते कामच आहे. फोटो हलतो तो उजेड कमी पडल्यामुळे. अंधारं झालं की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात ती पडवीतून अंगणात पोचलेली असते. पळणारं मूल स्वच्छ हवं असेल तर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका वेळ पुरे, पण त्याला भरपूर उजेड लागतो. म्हणून तिचे फोटो दिवसा काढा, घराबाहेर, झाडाच्या मोकळ्या सावलीत. बटण दाबून धरलं (काही फोनांत बाजूला किंवा खाली ओढलं) की फोन सलग दहा-वीस फोटो काढतो, त्यातला एक ठेवा. 'इमेज स्टॅबिलायझेशन' म्हणून दुकानदार जे सांगतो ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, मुलीची धाव नाही. आणि एक सांगितलं तर राग येणार नाही ना? फोनच्या मागची काच पुसा. खोबरेल, सनस्क्रीन, खारा वारा आणि भजीचे हात असा चार दिवसांचा थर तिच्यावर असतो. निम्मे 'धूसर' फोटो पदराच्या टोकाने दुरुस्त होतात.

आता तिसरी तक्रार. तुमचा एकही फोटो नाही.

२०११ मध्ये मी आईवडिलांना घेऊन हंपीला गेलो होतो. नवा कोरा डीएसएलआर, दोन लेन्स, म्हणजे नेमका तुमच्या दुकानदाराचा कॉम्बो. विठ्ठल मंदिराच्या दगडी रथाचे मी सोळा फोटो काढले. दुपारी तुंगभद्रेच्या काठी खडकावर बसून आई आणि बाबा पाण्यात पाय सोडून कशावर तरी खूप हसत होते. कशावर ते अजून माहीत नाही, कारण मी वीस फुटांवर, पाठीला ऊन घेत, धूळ जाऊ नये म्हणून अंग वाकवून लांबची लेन्स काढून जवळची लावत होतो. लेन्स लागली तोवर बाबा चपला शोधत होते. आई संध्याकाळी म्हणाली, "तू सहलीला आलायस की ड्युटीवर?" घरी येऊन मोजले, चारशेच्या वर फोटो. आई तीन फोटोंत, त्यातल्या दोनांत पाठमोरी. मी एकाही नाही.

कॅमेरा मोठा झाला की तो एकाच माणसाच्या गळ्यात राहतो, आणि ते माणूस फोटोतून बाद होतं. तुम्ही आत्ताच बाद आहात, मोठा कॅमेरा घेतल्यावर आणखी व्हाल. यावर मला ठाऊक असलेला उपाय एकच, आणि तो दुकानात मिळत नाही. सहलीआधी घरात जाहीर करायचं: रोज दुपारच्या जेवणानंतर फोन मुलाच्या ताब्यात, आणि संध्याकाळपर्यंत आईचे किमान दहा फोटो, त्यातला एकही 'आई, इकडे बघ' म्हणून काढलेला नको. नववीतल्या मुलाला फोन द्यायला तुम्हाला फक्त निमित्त हवं, त्याला तेही नको. सुरुवातीला वाकडे फोटो येतील. येऊ देत.

म्हणजे तुमच्या तीन तक्रारी, आणि तिन्हींत कॅमेऱ्याचा दोष फारसा नाही. इथवर वाचून यजमान खूश होतील. पण त्यांना इतक्यात जिंकू देऊ नका, कारण आता आपण कंसाकडे आलो.

क्लिक थ्री. बडोद्यात तयार व्हायचा, आगफाचा. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो. ऊन की ढग एवढंच ठरवायचं, बाकी सगळं नशिबावर. दोन रोल म्हणजे चोवीस फोटो. पैजेवर सांगतो, त्या चोवीसांतले निदान दहा तुम्हाला आत्ता डोळे मिटून सांगता येतील: कोण कुठे उभं होतं, कोणाचं डोकं कापलं गेलं. गेल्या मे महिन्यातले किती आठवतात?

तुम्ही लिहिता की कॅमेरा 'मुलांच्या आठवणींसाठी' हवाय. मला ते पटलं नाही. आपल्याकडे बाईला स्वतःसाठी काही हवं असलं की ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकावं लागतं. स्कूटी मुलांच्या क्लासला सोडायला, स्मार्टफोन शाळेच्या कामाला. कॅमेराही त्यातलाच वाटतो मला. मुलांच्या आठवणींना तुमचा आत्ताचा फोन पुरतो, हे तुम्हालाही आतून माहीत असावं, नाहीतर कंसातलं वाक्य लिहिलंच नसतं. तेव्हा पहिला प्रश्न कोणता कॅमेरा हा नाहीच. तुम्हाला फोटो हवे आहेत, की फोटो काढायला हवे आहेत? नुसते फोटो हवे असतील तर कॅमेरा घेऊ नका, पैसे ठेवा. फोटो काढणं हवं असेल तर ती तुमची हौस आहे, कमाई तुमची आहे, आणि ती हौस मुलांच्या आठवणींच्या पदराआड लपवायची गरज नाही.

'कपाटावर जाईल' ही यजमानांची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. जातात कपाटावर. माझ्या ओळखीतले निम्म्याहून जास्त कॅमेरे कपाटावरच आहेत. आणि तुमच्या पत्रात त्यातला एक अगदी डोळ्यांपुढे आहे: बेंगळुरूचा. दिरांनी दोन वर्षांपूर्वी घेतला असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी त्यावर काढलेल्या एकाही फोटोचा उल्लेख पत्रात नाही. मी उगाच संशय घेत असेन, पण विचारून बघायला काय हरकत आहे? वहिनीने महिनाभरासाठी मागितला तर दीर नाही म्हणणार नाहीत. दिला नाहीच, तर पुण्यामुंबईत रोजच्या भाड्याने कॅमेरे मिळतात, ओळखपत्र आणि अनामत ठेवून. काहीही करा, पण डिसेंबरआधी विकत घेऊ नका.

डिसेंबरात कॅमेरा लागणार मात्र नक्की. ताडोबाच्या कोअर झोनमध्ये (जंगलाच्या आतल्या गाभ्यात) सफारीला मोबाइल नेता येत नाही, तो बाहेरच ठेवावा लागतो. मुलाच्या २०० मेगापिक्सेलचा प्रश्न तिथे गेटवरच संपतो. (त्याला एवढंही सांगा, की असे फोन एरवी सोळा ठिपक्यांचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि आपल्या नेहमीच्या चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला दोनच्या आसपास पुरतात. १९७५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता, एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. नववीच्या विज्ञानाला उपयोगी पडेल.)

कॅमेरा हातात आला की वाघाची वाट बघत बसू नका. निघण्याआधी पंधरा दिवस रोज दहा मिनिटं अंगणातल्या चिमण्या, साळुंक्या, शेजारचं कुत्रं यांच्यावर हात बसवा. जिप्सीत मॅन्युअल उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, वाघ त्यांच्यासाठी थांबत नाही. दिरांकडे लेन्स कोणती आहे तेही विचारा. कॅमेऱ्याबरोबर येणारी नुसती छोटी किट लेन्स असेल, तर १८ ते १५० मिलिमीटर किंवा त्याच्या आसपासची एकच लेन्स भाड्याने घ्या (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). १५० मिलिमीटरला, तीस मीटरवर आडवा उभा असलेला वाघ चौकटीची साधारण निम्मी रुंदी भरतो. मी हिशोब मांडून पाहिलाय. त्याहून दूरचा वाघ डोळ्यांनी बघावा. मोठ्या लेन्सना काही उद्यानांत वेगळं शुल्क असतं, बुकिंगच्या कागदावर पाहून ठेवा. पहाटे जंगलात उजेड फार कमी असतो, तेव्हा कॅमेरा शटरचा वेग आपण ठरवायच्या मोडवर ठेवा (डायलवर एस किंवा टीव्ही असं लिहिलेलं असतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो करा आणि कोपर जिप्सीच्या दांडीवर टेकवा. दांडीवर चादरीची घडी घातली तर उत्तम. दोन सफाऱ्यांपैकी एकीत कॅमेरा अर्धा वेळ पिशवीतच राहू द्या. सासूबाईंनी वाघ पहिल्यांदा बघितला तर त्यांच्याकडे बघायला तुमचे डोळे मोकळे हवेत.

परत आल्यावर तुम्हालाच कळेल. जानेवारीतही तुम्ही तो कॅमेरा घेऊन भाजी मंडईत किंवा कृष्णेच्या घाटावर गेलात, तर घ्या खुशाल. दिरांनी परत मागेपर्यंत त्याची आठवणही झाली नाही, तर यजमान बरोबर होते असं एकदा मोठ्याने म्हणा, आणि पैशांचं दुसरं काहीतरी करा.

घ्यायचं ठरलंच, तर दुकानदाराला दोन लेन्सचा कॉम्बो नको म्हणून सांगा. सहलीत लेन्स बदलत बसलं की काय होतं ते हंपीत पाहिलंच, आणि किनाऱ्यावर तर बदलूच नये, वाळूचा एक कण आत गेला तरी सर्व्हिस सेंटर गाठावं लागू शकतं. फुकटच्या ट्रायपॉडची किंमत कॅमेऱ्यातच धरलेली असते. एकच कॅमेरा, एकच लांब पल्ल्याची लेन्स. दीर म्हणतात ते अर्धं खरं आहे. निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले, कॅननचंही सगळं लक्ष आता मिररलेसवर आहे. पण बाजारात नवं येत नाही म्हणजे जुनं मेलं असं नाही. उलट त्यामुळेच चांगले डीएसएलआर सेकंडहँड स्वस्त मिळतात. ६० हजारांत नवा मिररलेस घेतलात तर बहुधा छोटी किट लेन्सच पदरात पडेल. त्याच पैशात वापरलेला डीएसएलआर आणि १८-१४० ची लेन्स मिळू शकते. फरक वजनाचा: असा डीएसएलआर जवळजवळ किलोभर भरतो, तर कॅननचा आर५० आणि १८-१५० लेन्स मिळून सातशे ग्रॅमच्या आत बसतात. पर्समध्ये मावणारा कॅमेराच रोज बाहेर निघतो. मी तुमच्या जागी असतो तर थोडे पैसे वाढवून, सहा महिने थांबून, हलका घेतला असता. पण थांबणं हा माझा स्वभाव आहे, तुमचा नसेल.

सेकंडहँड घेताना मूळ बिल मागा, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे आहेत का ते बघा, आणि शटर किती वेळा दाबलं गेलंय तो आकडा विचारा. 'इम्पोर्टेड पीस आहे, बिलाशिवाय स्वस्त' असं कोणी म्हणालं की चहा पिऊन उठा.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांना हौस नाही, फक्त लांबचं जवळ दिसायला हवं आहे, त्यांच्यासाठी पुढे लांबलचक भिंग असलेले ब्रिज कॅमेरे असतात. निकॉनच्या पी९५० ला ८३ पट झूम आहे. भर उन्हात तो कमाल करतो. पण त्याच्या आतला सेन्सर (उजेड टिपणारी चिप) साध्या मिररलेसच्या बाराव्या हिश्शाएवढा असतो, त्यामुळे पहाटेच्या जंगलात आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्याचे फोटो दाणेदार येतात. आणि साध्या, खिशात मावणाऱ्या स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याच्या फंदात आता कोणीच पडू नये. बऱ्या फोनचा सेन्सर त्याहून मोठा असतो.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं, कारण माझी एक लेन्स मी अशीच घालवली. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. बिस्किटांचा चौकोनी डबा छान. गुहागरला एसी खोलीतून एकदम बाहेर आलात तर काचेवर दव धरतं. ते पुसत बसू नका, कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू दे, आपोआप जातं.

आणि फोटो आल्यावर? तुमची खरी गंमत तिथे आहे. आठ दिवसांतून बारा निवडा. क्लिक थ्रीचा एक रोल. यजमान, मुलगा, सासूबाई आणि तुम्ही, प्रत्येकाने तीन. मुलीला हवे असतील तर तिला दोन जास्त द्या. स्टुडिओत प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि नावं लिहा. सासूबाईंकडून जुन्या फोटोंवरही लिहून घ्या, त्यात कोण कोण आहे हे आता त्यांनाच माहीत असेल. उरलेले सगळे फोटो दोन ठिकाणी साठवा, एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी घराबाहेर कुठेतरी. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून बारीक होतो आणि कधी काढला ती तारीखही त्यातून जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधी फोनबरोबर जुळवून घ्या, म्हणजे मुलाचे आणि तुमचे फोटो तारखेने एकत्र लागतील.

बॅटरी दोन न्या. डिसेंबरात विदर्भातली पहाट बोचरी असते, थंडीत बॅटरी भराभर उतरते; जादाची स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

आणि दिरांना फोन आजच करा. नाताळच्या सुट्टीत त्यांच्याही बायकोच्या मनात कुठेतरी जायचं असेल, आणि तेव्हाच नेमका तो कॅमेरा कपाटावरून खाली निघेल.